थर्टी फर्स्टसाठी व्हिला बुक करताय? ॲडव्हान्स पाठवण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा

२०२५ मध्ये २५ डिसेंबर गुरुवारी आला आणि त्यानंतरची १ जानेवारीसुद्धा गुरुवारीच. म्हणजे शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मोकळे. हा हिशेब तुमच्याप्रमाणेच मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपने केला होता. त्यामुळे लोणावळा, पवना, कर्जत, अलिबाग, इगतपुरी, पाचगणी या सगळ्या ठिकाणी प्रायव्हेट पूल असलेल्या व्हिलासाठी झुंबड होती. आणि जिथे झुंबड, तिथे "सर, एकच डेट शिल्लक आहे, टोकन पाठवा" म्हणणारेही आलेच.

ही नुसती सावधगिरीची सूचना नाही. १९ एप्रिल २०२५ ला केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने, म्हणजे आयफोरसीने, पर्यटकांच्या बुकिंग फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची गेस्ट हाऊस, हॉटेलं, टॅक्सी, हॉलिडे पॅकेज या सगळ्यांच्या नावाने खोट्या वेबसाइट आणि सोशल मीडिया पेजेस चालवली जात असल्याचं त्यात म्हटलं होतं. त्यानंतरच्या काही महिन्यांत यूपीआयचे नियम बदलले, जीएसटीचे दर बदलले, डेटा संरक्षणाचे नियम आले. व्हिला बुक करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने यातलं नेमकं काय उपयोगाचं आहे आणि काय नाही, ते आज बघू.

हॉटेलपेक्षा व्हिलामध्ये फसवणूक सोपी का?

हॉटेलला रस्त्यावर बोर्ड असतो, रिसेप्शन असतं, लँडलाइन असते. व्हिला म्हणजे मुळात कुणाचा तरी खासगी बंगला. मालक बहुतेक वेळा मुंबईत किंवा पुण्यात राहतो, बंगल्यावर केअरटेकर असतो आणि बुकिंग तिसराच माणूस घेतो. तो कधी मालकाचा मॅनेजर असतो, कधी स्थानिक एजंट, तर कधी एजंटचा एजंट. एकच बंगला पाच वेगवेगळ्या इन्स्टा पेजेसवर पाच वेगवेगळ्या नावांनी दिसतो आणि त्यातली चार पेजेस खरी असू शकतात, कारण एजंट लोक एकमेकांचे फोटो वापरतातच.

इथेच गोची आहे. "हे फोटो दुसरीकडेही दिसतायत" ही हॉटेलच्या बाबतीत धोक्याची घंटा असते. व्हिलाच्या धंद्यात ती रोजची गोष्ट आहे. म्हणजे खरा एजंट आणि खोटा एजंट बाहेरून अगदी सारखेच दिसतात: तेच फोटो, तोच व्हॉट्सॲप बिझनेस नंबर, तीच पन्नास टक्के ॲडव्हान्सची मागणी.

दुसरं कारण रकमेचं. बारा जणांचा ग्रुप असला की ॲडव्हान्स सहज पंधरा-वीस हजार होतो. पण प्रत्येकाची कॉन्ट्री हजार-दीड हजारच असते. त्यामुळे ग्रुपमधला कुणीच मनापासून तपासत नाही. प्रत्येकाला वाटतं, बुकिंग करणाऱ्याने बघितलं असेल.

गेम कसा वाजवतात?

समजा पवना लेकजवळचा एक व्हिला आहे. एका रात्रीचे ३०,००० रुपये. तुम्ही इन्स्टावरची जाहिरात बघून मेसेज केला.

पहिली पायरी: १५,००० ॲडव्हान्स. "आत्ताच दुसऱ्या पार्टीचा फोन चालू आहे, दहा मिनिटांत सांगा." तुम्ही पाठवता.

दुसरी पायरी: लगेच एक छान पीडीएफ येते. त्यावर लोगो, बुकिंग आयडी, चेक-इनची वेळ. मग मेसेज: "सर, रिफंडेबल डिपॉझिट १०,००० भरल्याशिवाय सिस्टीममध्ये कन्फर्म होत नाही."

तिसरी पायरी: "जीएसटीचे ५,४०० राहिले." किंवा त्याहून चलाख प्रकार: "तुम्ही राउंड रक्कम पाठवल्यामुळे एंट्री मॅच झाली नाही. १५,००१ पाठवा, आधीचे पंधरा हजार आपोआप परत येतील."

नीट बघा, पहिल्या पायरीवर तुमचे १५,००० गेले होते. तिसरीपर्यंत हा आकडा ३०,४०० होतो. पुढचे पैसे तुम्ही व्हिलासाठी देत नसता, आधीचे पैसे वाचवण्यासाठी देत असता. फसवणाऱ्याची खरी कमाई याच टप्प्यात होते. म्हणून एक साधा नियम: ठरलेल्या ॲडव्हान्सनंतर, चेक-इनच्या आधी, नव्या कारणाने एक रुपयाही मागितला तर तिथेच थांबायचं. डिपॉझिट गेटवर पोचल्यावर देता येतं. खरे केअरटेकर बहुतेक वेळा तसंच घेतात.

यूपीआयमध्ये २०२५ मध्ये तीन गोष्टी बदलल्या

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची. एनपीसीआयच्या नियमानुसार ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपला पैसे पाठवण्याआधी बँकेच्या रेकॉर्डमधलं खातेदाराचं खरं नाव दाखवावं लागतं. आधी काही ॲप्समध्ये तुमच्या फोनबुकमधलं नाव किंवा समोरच्याने स्वतः ठेवलेलं नाव दिसायचं. म्हणजे कुणी स्वतःला "ग्रीन व्हॅली व्हिला" म्हणवून घेतलं की तेच दिसायचं. आता क्यूआर कोडवर काहीही छापलेलं असो, पिन टाकण्याच्या स्क्रीनवर बँकेतलं नाव येतं. नेटबँकिंगने पाठवणाऱ्यांसाठीही रिझर्व्ह बँकेने नाव तपासण्याची सोय आणली आहे. आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी बँकांना ती १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी कलेक्ट रिक्वेस्ट बंद झाली. "रिफंड पाठवतोय, ॲक्सेप्ट करा आणि पिन टाका" हा जुना डाव याच रिक्वेस्टवर चालायचा. पण दुकानदार खात्यांची कलेक्ट रिक्वेस्ट तेव्हा चालू राहिली होती, त्यामुळे मूळ नियम विसरू नका: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

तिसरी गोष्ट. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने फसवणुकीशी जोडलेल्या मोबाइल नंबरांना मध्यम, जास्त आणि अतिशय जास्त अशी जोखीम-श्रेणी देणारी यंत्रणा आणली. ती माहिती बँका आणि पेमेंट ॲप्सना मिळते. त्यामुळे काही व्यवहारांत ॲप तुम्हाला इशारा दाखवू शकतं किंवा व्यवहार अडवू शकतं. असा इशारा आला आणि समोरचा "सर, सर्व्हर इश्यू आहे, दुसऱ्या नंबरवर टाका" म्हणाला, तर तो इशारा खरा समजा.

पण नाव दिसतं याचा अर्थ नाव बरोबर आहे असा नाही

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर यूपीआय "हे खातं कुणाचं आहे" याचं उत्तर देतं. "हा माणूस त्या व्हिलाचा मालक आहे का" हा प्रश्न यूपीआयला कुणी विचारलेलाच नाही.

फसवणारे स्वतःच्या खात्यात पैसे घेत नाहीत. ते दुसऱ्याचं खातं वापरतात. कुणी तरी थोड्या कमिशनसाठी आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम भाड्याने दिलेलं असतं. बँकेतलं नाव खरं, केवायसी खरी, फक्त माणूस वेगळा. स्क्रीनवर भलतंच नाव दिसलं की तयार उत्तर मिळतं: "ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे."

म्हणून नाव दिसण्याचा फायदा घ्यायचा असेल तर क्रम बदला. क्यूआर मागवण्याआधी विचारा: "मालकाचं पूर्ण नाव काय? पैसे कुणाच्या नावाच्या खात्यात जाणार?" उत्तर लेखी, चॅटवर घ्या. मग क्यूआर स्कॅन करा आणि पिन न टाकता फक्त नाव वाचा. आधी सांगितलेलं नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळलं नाही तर बॅक बटण दाबा. एक रुपया पाठवून बघायचीही गरज नाही, नाव त्याआधीच दिसतं. क्यूआर आधी घेतला तर समोरचा दिसलेल्या नावाला साजेशी गोष्ट रचतो. नाव आधी घेतलं की त्याला तसं करता येत नाही.

अजून एक छोटी चाचणी. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाने फक्त व्यापारी खात्यांना पैसे देता येतात, वैयक्तिक खात्याला नाही. "आमची रजिस्टर्ड कंपनी आहे" म्हणणाऱ्याच्या क्यूआरवर क्रेडिट कार्डचा पर्यायच चालत नसेल तर तो खातं वैयक्तिक असल्याचा इशारा असू शकतो. याने पुरावा मिळत नाही, प्रश्न विचारायला कारण मिळतं.

गेलेले पैसे परत का येत नाहीत?

अनेकांचा समज असा असतो की तीन दिवसांत बँकेला कळवलं की पैसे परत मिळतात. हा समज रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आला आहे. पण ते परिपत्रक अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, म्हणजे तुमच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले तर. व्हिलाच्या फसवणुकीत पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो. बँकेच्या नजरेत तो व्यवस्थित पूर्ण झालेला व्यवहार आहे. क्रेडिट कार्डाच्या पेमेंटमध्ये "सेवा मिळालीच नाही" म्हणून चार्जबॅक मागता येतो, वैयक्तिक यूपीआय खात्यावर पाठवलेल्या पैशांना तशी सोय नाही.

राहतो तो पोलिसांचा मार्ग. त्याची गती कळण्यासाठी सरकारने संसदेत दिलेले दोन आकडे पुरेसे आहेत. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. आणि २०२१ मध्ये तक्रार यंत्रणा सुरू झाल्यापासून जुलै २०२५ पर्यंत वाचवता आलेली एकूण रक्कम ५,४८९ कोटींच्या आसपास आहे. म्हणजे चार वर्षांत मिळून वाचलेले पैसे एका वर्षात गेलेल्या पैशांच्या पावपटही नाहीत. यंत्रणा कामाची आहे, पण तिच्या भरवशावर पैसे पाठवावेत इतकी नाही.

प्लॅटफॉर्म महाग का असतो?

"ॲपवर तोच व्हिला पाच हजारांनी महाग आहे, डायरेक्ट घेऊ" हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये कुणी ना कुणी म्हणतोच. त्या जास्तीच्या पैशात नेमकं काय येतं ते बघा.

एअरबीएनबीसारखा प्लॅटफॉर्म तुमचे पैसे स्वतःकडे ठेवतो आणि साधारण तुमच्या चेक-इनच्या २४ तासांनंतर मालकाला देतो. गेटवर पोचल्यावर तिथे व्हिलाच नसेल तर पैसे अजून मध्यस्थाकडेच आहेत. स्टेव्हिस्टा, सॅफ्रनस्टेज यांसारख्या व्हिला सांभाळणाऱ्या कंपन्यांमध्ये तक्रार करायला एक नोंदणीकृत कंपनी असते. कमिशन हे फक्त जाहिरातीचं नसतं, पैसे मधे थांबवून ठेवण्याचंही असतं.

आता करांचा भाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ७,५०० च्या वर १८ टक्के तसाच आहे. इथे गंमत अशी की पूर्ण व्हिला एकच युनिट म्हणून दिला जातो, त्यामुळे माणशी खर्च अडीच हजारच असला तरी दर संपूर्ण भाड्यावर ठरतो. आपल्या उदाहरणात ३०,००० वर १८ टक्के म्हणजे ५,४००, एकूण ३५,४००. बारा जणांत माणशी २,९५०. बिलाशिवाय माणशी २,५००. फरक साडेचारशे रुपयांचा.

डायरेक्ट बुकिंग म्हणजे चोरी असा याचा अर्थ नाही. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा छोट्या मालकांना जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही आणि ते प्रामाणिकपणे बिनजीएसटी बुकिंग घेऊ शकतात. पण मग त्यांनी जीएसटीच्या नावाने पैसे मागायचे नाहीत. कुणी जीएसटी मागितला की नंबर मागा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने आणि गोव्यातला ३० ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकून बघता येतो: कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द. मग ते नाव यूपीआय स्क्रीनवरच्या नावाशी जुळवा. दुसऱ्याच कंपनीचा नंबर चिकटवलेला असेल तर इथे पकडला जातो.

आणि एक लक्षात ठेवा: प्लॅटफॉर्मवर बुक करताना होस्ट म्हणाला "इथे कॅन्सल करा, मला डायरेक्ट पाठवा, स्वस्तात देतो," तर त्या क्षणी तुमची सगळी सुरक्षा संपते.

वीस मिनिटांची तपासणी

डायरेक्टच घ्यायचं ठरलं असेल तर हे करा. सगळं फोनवरूनच होतं.

१. मॅपचं लोकेशन मागा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. स्विमिंग पूल वरून निळा ठळक दिसतो. फोटोतला पूल आयताकृती आणि वरून गोल, किंवा जागेवर नुसतं भाताचं खाचर, असं दिसलं तर विचारा. सॅटेलाइटचं चित्र जुनं असू शकतं, त्यामुळे बंगला नवीन असेल तर ही चाचणी लागू होत नाही.

२. मॅपवरचे रिव्ह्यू "नवीन आधी" असे लावा. मालकाने टाकलेले नव्हे, पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा. रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर जाऊन त्याने आणखी काय लिहिलंय ते बघा. एकाच आठवड्यात आलेले वीस पंचतारांकित रिव्ह्यू आणि "बेस्ट प्लेस, मस्ट व्हिजिट" एवढाच मजकूर असेल तर ते रिव्ह्यू नसल्यातच जमा धरा. मॅपवरचा फोन नंबरही बाहेरचा माणूस बदल सुचवून बदलवू शकतो, म्हणून नंबर दुसऱ्या एखाद्या ठिकाणाहून पडताळा.

३. गुगल लेन्सने फोटो शोधा. भलत्याच राज्यातल्या किंवा देशातल्या रिसॉर्टचा निघाला तर विषय संपला. पण काहीच सापडलं नाही तर खूश होऊ नका. एआयने बनवलेला फोटो आधी कुठेच नसतो, त्यामुळे तोही सापडत नाही.

४. इन्स्टा पेजवर "या अकाउंटबद्दल" उघडा. अकाउंट कधी सुरू झालं आणि आधी किती वेळा नाव बदललं ते दिसतं. पन्नास हजार फॉलोअर असलेलं व्हिलाचं पेज गेल्या वर्षी मीम पेज होतं, असं निघू शकतं. अकाउंट विकत घेता येतात.

५. वेबसाइट असेल तर हूइज सर्चमध्ये डोमेन कधी नोंदवलं ते बघा. "२०१५ पासून सेवेत" आणि डोमेन तीन आठवड्यांचं, हे जुळत नाही. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. ते फक्त जोडणी सुरक्षित असल्याचं सांगतं, मालक प्रामाणिक असल्याचं नाही. लोकांचा हाच गैरसमज होत होता म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

६. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर संशयित शोधण्याची सोय आहे. तिथे फोन नंबर, यूपीआय आयडी, खातं, वेबसाइट टाकून बघा. नोंद सापडली तर लांब राहा. नाही सापडली तर एवढंच कळतं की अजून कुणी तक्रार केलेली नाही.

७. सगळ्यात भरवशाची चाचणी: लाइव्ह व्हिडिओ कॉल. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. केअरटेकरला गेटबाहेरच्या रस्त्यापासून पूलपर्यंत चालत यायला सांगा. वाटेत "जरा तो पाण्याचा पंप दाखवा" किंवा "किचनचा नळ सोडा" असं काहीतरी आयत्या वेळी सांगा. "सध्या गेस्ट आहेत" हे उत्तर खरं असू शकतं. मग चेक-आउटनंतरची वेळ मागा.

८. गोव्यात बुक करत असाल तर पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक विचारा. तिथल्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पाहुणे ठेवणाऱ्यांना नोंदणी करावीच लागते. महाराष्ट्रात न्याहारी व निवास योजना आहे, २०२० पासून कृषी पर्यटनाचं धोरण आहे. त्यात नोंदलेली जागा असेल तर प्रमाणपत्र मागायला हरकत नाही.

ओळखीतला कुणी लोणावळ्यात किंवा कामशेतला राहत असेल तर या आठही गोष्टींपेक्षा त्याची बाइकवरची एक चक्कर जास्त उपयोगाची.

बारा जणांची आधार कार्डं एकाच चॅटमध्ये?

बुकिंग झालं की मेसेज येतो: "सगळ्यांचे आयडी पाठवा." आणि ग्रुपमधला उत्साही मित्र बारा आधार कार्डांचे फोटो एका अनोळखी नंबरला पाठवतो. फसवणाऱ्याला ॲडव्हान्सपेक्षा हा माल जास्त काळ पुरतो.

पाहुण्यांची ओळख तपासणं मालकासाठी गरजेचं आहे, त्यात गैर नाही. पण यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड होतं. त्यात नंबरचे पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. तेच द्या, आणि शक्यतो व्हिलावर पोचल्यावर दाखवा. डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असले तरी त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षानंतर लागू होणार आहेत. तोवर तुमच्या कार्डाचा फोटो केअरटेकरच्या गॅलरीत किती दिवस राहतो हे विचारणारं कुणी नाही.

बुकिंग करणाऱ्या मित्राचं काय?

या सगळ्यात एका माणसाबद्दल कुणी बोलत नाही. जो कॉन्ट्री गोळा करतो तो. पैसे त्याच्या खात्यातून गेलेले असतात, तक्रार त्याच्या नावाने होते, पोलिसांकडे तोच जातो. आणि ग्रुपमध्ये "तू चेक नाही केलंस का?" हेसुद्धा त्यालाच ऐकावं लागतं. पहिल्या नोकरीत पंचवीस हजार पगार असलेल्या मुलावर तीस हजारांचं हे ओझं पडतं, तेव्हा कधी कधी तो गुपचूप सगळ्यांचे पैसे स्वतः भरून टाकतो.

म्हणून पैसे जमा करण्याआधीच ग्रुपवर दोन गोष्टी लिहून ठरवा. एक, तपासणी दोघांनी मिळून करायची: एकाने व्हिडिओ कॉल, दुसऱ्याने नाव आणि जीएसटी. दोन, तरीही पैसे बुडाले तर नुकसान सगळ्यांचं, समान. हे आधी ठरलेलं असलं की घाई करणाऱ्या एजंटला नाही म्हणणंही सोपं जातं, कारण "मला पार्टनरला विचारावं लागेल" हे खरं कारण तुमच्याकडे असतं.

फसवणूक झालीच तर

पहिला फोन १९३० ला. ग्रुपवर चर्चा नंतर. फसवणारा पैसे मिनिटांत पुढच्या खात्यांत सरकवतो. ते जिथे पोचलेत तिथेच गोठवणं एवढंच या हेल्पलाइनचं काम, आणि ते वेळेवर अवलंबून आहे. हाताशी ठेवा: व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी किंवा खातं.

मग स्वतःच्या बँकेला कळवा आणि सायबरक्राइम पोर्टलवर लेखी तक्रार करा. चॅट डिलीट करू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट आणि चॅट एक्सपोर्ट घ्या. पैसे गोठले तरी ते परत मिळायला २०२५ पर्यंत बहुतेक वेळा न्यायालयाचा आदेश लागायचा; तक्रार क्रमांक जपून ठेवा. आणि "आम्ही तुमचे पैसे परत मिळवून देतो" म्हणणारे फोन किंवा कमेंट आल्या तर ती दुसरी फसवणूक आहे.

व्हिला खरा आहे पण फोटोत दाखवला तसा नाही, किंवा कॅन्सल केल्यावर ठरलेला रिफंड देत नाहीत, तर तो ग्राहक वाद आहे. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ॲपने शेवटच्या स्क्रीनवर अचानक चार्जेस वाढवले किंवा खोटी घाई दाखवली, तर २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत या दोन्ही प्रकारांची नावानिशी नोंद आहे. तक्रारीत तसा उल्लेख करा.

यात कमी काय आहे?

२०२५ चे बदल बघितले तर एक गोष्ट कळते. सरकारने आणि बँकांनी पैशाच्या शेवटच्या टोकावर काम केलं आहे: नाव दिसणं, रिक्वेस्ट बंद होणं, नंबरला श्रेणी मिळणं. पण फसवणूक सुरू होते ती पहिल्या टोकाला, पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीपासून. त्या जाहिरातीचे पैसे सोशल मीडिया कंपनीला मिळालेले असतात. व्हिलाची जाहिरात देणाऱ्याकडून मालकीचा किंवा नोंदणीचा एक कागद आधी घेतला तर यातल्या किती तरी जाहिराती दिसणारच नाहीत. आणि महाराष्ट्रात बंगल्याचं नाव टाकून कुणालाही तपासता येईल अशी, ग्राहकांच्या सवयीची झालेली एकच सरकारी यादी असती, तर वरची आठ पायऱ्यांची कसरत दोन मिनिटांवर आली असती.

याची झळ फक्त पर्यटकांना बसत नाही. मावळात किंवा मुरुडला कर्ज काढून चार खोल्या बांधलेल्या मालकालाही बसते. त्याच्याच घराचे फोटो वापरून कुणी तरी पैसे उकळतं आणि रात्री दहा वाजता सामान घेऊन बारा जण त्याच्या गेटवर उभे राहतात. त्या मालकाला तुमचे प्रश्न जाचक वाटत नाहीत. व्हिडिओ कॉल मागितला, नाव विचारलं म्हणून जो चिडतो, त्याच्याकडे थर्टी फर्स्ट न केलेलाच बरा.